लॉची सीट लागली, आता पुढे? फ्रीझ, फ्लोट, वेटलिस्ट आणि स्कॉलरशिपचा सगळा हिशोब

जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेदहाला साताऱ्याहून ताईचा फोन, आणि मागून भाचीचा रडवेला आवाज, "मामा, उद्या पाचपर्यंत पैसे भरले नाहीत तर सीट जाईल म्हणतायत." क्लॅटच्या (बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉसाठी देशभर होणारी परीक्षा) पहिल्या यादीत तिला एक लांबची एनएलयू, म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी, लागली होती, हातात एका खाजगी युनिव्हर्सिटीचं ५० टक्के स्कॉलरशिपचं पत्र होतं, आणि आपल्या राज्याची लॉची परीक्षा, एमएच सीईटी लॉ, तर अजून व्हायचीच होती. बारावीची प्रॅक्टिकल्स तोंडावर आलेली. त्या रात्री आम्ही दीड तास फोनवर बसून एकेक गोष्ट कागदावर उतरवली, आणि त्यानंतर ओळखीतल्या अजून तीन-चार घरांसोबत तसाच बसलोय, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. मी पुण्यात वकिली करतो, ॲडमिशनचा क्लास वगैरे काही चालवत नाही, पण या पोरांचं पुढे काय होतं ते कोर्टात रोज बघतो, आणि कर्ज काढून शिकलेली ज्युनिअर मुलं कशी ओढाताण करतात तेही बघतो.

आधी तारखांचा कागद करा

सगळा घोळ तारखांचा असतो. क्लॅट आणि एनएलयू दिल्लीची आयलेट डिसेंबरात होतात, सिम्बायोसिसची स्लॅट पण साधारण त्याच सुमाराला, आणि कन्सॉर्शियमचं, म्हणजे क्लॅट घेणाऱ्या एनएलयूंच्या संघाचं, काउन्सेलिंग जानेवारीपासून सुरू. पण आपली राज्याची पाच वर्षांची सीईटी होते उन्हाळ्यात आणि कॅप राउंड, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या, येतात पावसाळ्यात, ते कधी कधी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतात. म्हणजे मुंबईचं जीएलसी (गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज) किंवा पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज मिळणार का हे कळायच्या कितीतरी महिने आधी एनएलयू आणि खाजगीवाले पैसे मागतात. आणि त्यातही खात्री नसते, २०२५ च्या क्लॅटचं उदाहरण घ्या, परीक्षा झाली १ डिसेंबर २०२४ ला आणि उत्तरतालिकेचा वाद दिल्ली हायकोर्टातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, मे उजाडला तरी पोरं यादीची वाट बघत बसलेली.

म्हणून एक मोठा कागद घ्या आणि प्रत्येक ठिकाणासाठी चार गोष्टी लिहा: पैसे कधीपर्यंत भरायचे, किती, त्यातले किती कोणत्या तारखेपर्यंत सोडल्यास परत मिळतात, आणि पुढची यादी कधी. चौथी गोष्ट लोक विसरतात. पैसे भरायची मुदत आज संध्याकाळी आणि पुढची यादी परवा सकाळी, असं असलं की लोक घाबरून चुकीच्या ठिकाणी अडकतात.

ऑफर कुठल्या दाराने आलीय ते बघा

हे मी सगळ्यात आधी विचारतो. एकाच कॉलेजची सीट दोन वेगळ्या दारांनी मिळू शकते, आणि पुढची फी, स्कॉलरशिप, सगळं त्या दारावर ठरतं. क्लॅटमधून लागलेली सीट ऑल इंडियामधून आहे का डोमिसाईलमधून (त्या राज्याच्या रहिवाशांचा कोटा), जनरल का कॅटेगरी? राज्याच्या सीईटीतली सीट कॅप राउंडमधून आहे का इन्स्टिट्यूट लेव्हलवरून का मॅनेजमेंट कोट्यातून? कोणी फोनवर "ॲडमिशन कन्फर्म आहे, फी भरून टाका" असं म्हटलं तर त्यांना हेच विचारा, आणि उत्तर मेलवर मागा. जो मेल करायला टाळाटाळ करतो त्याला पैसे पाठवू नका, इतकं सरळ.

डोमिसाईलचा फायदा महाराष्ट्रातल्या मुलांना मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही एमएनएलयूंमध्ये (महाराष्ट्र नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी) मिळतो, पण फॉर्म भरतानाच तो क्लेम केलेला असावा लागतो. माझ्याकडे आलेल्या एका घरात मुलगा जन्मापासून बार्शीत राहिलेला, आणि फॉर्ममध्ये डोमिसाईलचा रकाना रिकामा, सायबर कॅफेवाल्याने भरलेला फॉर्म कोणी वाचलाच नव्हता. नंतर काही करता आलं नाही.

कागदपत्रं इथेच तपासून घ्या: वय-राष्ट्रीयत्व-अधिवास दाखला, कॅटेगरी असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चला संपतं, म्हणजे डिसेंबरात चालणारा दाखला जुलैत चालेलच असं नाही. केंद्राच्या आणि राज्याच्या नमुन्यातले ओबीसी, ईडब्ल्यूएस दाखले वेगवेगळे असतात, दोन्ही काढून ठेवा, सेतूत चकरा मारायला एप्रिलमध्ये वेळ आणि धीर दोन्ही नसतात. आणि हे लक्षात असू द्या की बारावीच्या निकालापर्यंत सगळंच प्रोव्हिजनल आहे, जनरलला ४५ टक्के लागतात, एससी-एसटीला ४०.

फ्रीझ, फ्लोट, एक्झिट

कन्सॉर्शियमच्या काउन्सेलिंगला बसायलाच अलीकडच्या वर्षांत ३० हजार भरावे लागतात, राखीव गटांना २० हजार, आणि सीट लागली की कन्फर्मेशनचे वेगळे. मग तीन बटणं समोर येतात. फ्रीझ म्हणजे हीच सीट पाहिजे, पुढे काही नको. फ्लोट म्हणजे ही धरून ठेवतो, पण यादीत वरचं काही लागलं तर तिकडे जाईन. एक्झिट म्हणजे बाहेर, आणि बाहेर म्हणजे खरंच बाहेर, परत आत घेत नाहीत.

फ्लोटमध्ये काय होतं ते नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच बघितलीय. वरचं कॉलेज लागलं की खालची सीट आपोआप जाते, तुम्हाला कोणी विचारत नाही की बाबा रे, जायचंय का तुला. एका ओळखीच्या मुलाला नागपूरची एमएनएलयू लागलेली, घर अमरावतीला, सगळे खूश. पण प्रेफरन्स भरताना त्याने कुठल्यातरी यूट्यूबच्या रँकिंगवरून दोन दिवसांच्या प्रवासावरचं एक कॉलेज नागपूरच्या वर टाकलेलं. सवयीने फ्लोट दाबलं, पुढच्या यादीत ते लांबचं लागलं, नागपूर गेलं. आईला त्या शहराचं नावसुद्धा नीट माहीत नव्हतं.

म्हणून प्रेफरन्स भरताना एकच कसोटी लावा: वरचं आणि खालचं दोन्ही आत्ता या क्षणी हातात ठेवले तर मूल कुठलं उचलेल? ते वर. "आपल्या रँकला हे कशाला लागतंय, वर टाकून वाया जाईल" हा विचार चुकीचा आहे, वाया काही जात नाही, वरचं नाही लागलं तर सिस्टिम खालचं बघतेच. आणि "सेफ आहे म्हणून वर टाकतो" हेही चूक, सेफ कॉलेज वर टाकलं की तेच गळ्यात पडतं आणि त्याच्या खालचं चांगलं कॉलेज बघितलंही जात नाही. लिस्ट लॉक झाल्यावर बदलता येत नाही म्हणून हे घरात सगळ्यांनी एकत्र बसून करा, रात्री बारा वाजता एकट्या पोराने मोबाईलवर नाही.

राज्याच्या कॅपमध्ये शब्द तेच वाटले तरी नियम वेगळे असतात, विशेषतः पहिला प्रेफरन्स लागला तर काय आणि न घेतल्यास पुढच्या राउंडला बसता येतं का, हे त्या वर्षीच्या ब्रोशरमध्ये वाचा. मागच्या वर्षीच्या दादाने सांगितलेलं चालत नाही.

वेटलिस्टचं काय करायचं

वेटलिस्ट नंबर ४० असेल तर तो चांगला का वाईट? नुसत्या नंबरवरून काही कळत नाही. मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या काढा, कन्सॉर्शियम प्रत्येक राउंडची रँकसकट यादी टाकतं, आणि त्यात फक्त आपली कॅटेगरी आणि आपलं डोमिसाईल बघा. पहिल्या यादीत शेवटची रँक किती होती आणि अखेरच्या यादीत किती झाली, मधला फरक म्हणजे ती सीट साधारण किती सरकते. जनरलची रँक दोनशे-तीनशेने सरकत असेल आणि तुम्ही हजाराने मागे असाल तर आशा लावून बसू नका. पण अगदी जवळ असाल तर धीर धरा. वरच्या कॉलेजांमधली मुलं आयलेट लागलं म्हणून, किंवा दुसरीकडे चांगली मदत मिळाली म्हणून सीट सोडतात, आणि ती साखळी खालपर्यंत हलते.

खाजगी ठिकाणच्या वेटलिस्टला एक छोटा मेल लिहायला हरकत नाही, दहा ओळींचा, की मला यायचंय, सीट दिली तर इतक्या दिवसांत फी भरेन, आणि फॉर्म भरल्यानंतर काही नवं झालं असेल तर तेवढं. एकदाच. रोज फोन करून काही होत नाही. एनएलयूत असलं काही चालत नाही, तिथे रँक म्हणजे रँक. पण काउन्सेलिंग संपल्यावर राहिलेल्या जागांसाठी काही युनिव्हर्सिटी आपल्या वेबसाईटवर नोटीस लावतात आणि तीन-चार दिवसांचीच मुदत असते, त्यामुळे जून-जुलैत आठवड्यातून दोनदा त्या साईट्स उघडून बघत चला.

वेटलिस्टची वाट बघताना हातातली सीट सोडायची नाही. मूळ कागदपत्रं कुठेच अडकू द्यायची नाहीत, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत स्पष्ट आहे की तपासणी करून ओरिजिनल परत द्यायचे, संस्थेला ठेवून घेता येत नाहीत. फी परतीचंही तसंच, २०२४-२५ साठी यूजीसीने सांगितलेलं की ३० सप्टेंबरपर्यंत ॲडमिशन सोडलं तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून. परिपत्रक दरवर्षी नवं निघतं, तुमच्या वर्षीचं डाउनलोड करून ठेवा. कन्सॉर्शियमच्या परताव्याचे नियम मात्र त्यांचे स्वतःचे असतात, ते काउन्सेलिंगच्या सूचनेत असतात.

स्कॉलरशिपचं पत्र कसं वाचायचं

आता भाचीचं ते पत्र. वर मोठ्या अक्षरात ५० टक्के, भावजींनी मनात हिशोब करून टाकलेला, वर्षाला सहा लाखांचे तीन झाले, पाच वर्षांचे पंधरा. मी म्हटलं सगळी पानं स्कॅन करून पाठव. तिसऱ्या पानावर लिहिलेलं की सूट फक्त ट्यूशन फीवर, ट्यूशन चार लाख, हॉस्टेल-मेसचे दोन लाख पूर्ण भरायचे. म्हणजे वर्षाला तीन नाही, चार. पाच वर्षांचे वीस. आणि त्याखाली अजून एक ओळ, पुढच्या वर्षी सूट चालू राहायची तर सीजीपीए ८ आणि एकही बॅकलॉग नको. पहिल्याच वर्षी ७.८ पडला तर? मग पुढची चार वर्षं सहा-सहा लाख, एकूण अठ्ठावीस. पंधरा, वीस आणि अठ्ठावीस, तिन्ही आकडे एकाच पत्रातून निघाले, आणि त्यात दरवर्षीची फीवाढ धरलेलीच नाही.

तर असं पत्र आलं की मेल करून विचारा: कशाच्या किती टक्के, किती वर्षं, अट काय, मागच्या बॅचमध्ये किती जणांची स्कॉलरशिप दुसऱ्या वर्षी टिकली, एकदा गेली तर परत मिळते का, फी दरवर्षी किती वाढते. टिकण्याचा आकडा नक्की मागा. आणि दुसरीकडून जास्त चांगली ऑफर असेल तर ती जोडून नम्रपणे विचारायला काय लाज, जास्तीत जास्त नाही म्हणतील.

सरकारी मदतीत आपल्या मुलांचं बरंच नुकसान फक्त माहिती नसल्यामुळे होतं. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. पण ॲडमिशन केंद्रीय प्रक्रियेतून पाहिजे, आणि खाजगी व अभिमत विद्यापीठं यात नाहीत. म्हणून मघाशी म्हटलं, दार बघा. तीच मुलगी त्याच कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून गेली तर हा लाभ नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी शिक्षण फी मिळते, उत्पन्नाची मर्यादा तीच. एससी मुलांना महाडीबीटीवर पोस्ट मॅट्रिक अडीच लाख उत्पन्नापर्यंत, त्याच्या वर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. एससी मुलाला एनएलयू लागली असेल तर केंद्राची टॉप क्लास स्कॉलरशिप नक्की बघा, आठ लाखांपर्यंत उत्पन्न, शिक्षण फी आणि वर पहिल्या वर्षी ८६ हजार व नंतर दरवर्षी ४१ हजार भत्ता, फक्त प्रत्येक संस्थेत जागा मोजक्या असतात आणि पहिल्याच वर्षी अर्ज करावा लागतो. हॉस्टेल नाही मिळालं तर एससींसाठी स्वाधार, एसटींसाठी स्वयम्, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आणि घरची परिस्थिती अगदी बेताची असेल तर आयडिया नावाची संस्था आहे, प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली, ती अशा मुलांना क्लॅटच्या तयारीपासून पुढे कॉलेजातही साथ देते.

एक सांगतो, सरकारी पैसे हप्त्याहप्त्याने येतात. पहिल्या सेमिस्टरची फी ते येतील त्यातून भरू असं धरून चालू नका.

कर्ज काढायचं असेल तर ईएमआय आजच काढा

एनएलयूत हॉस्टेल धरून बहुतेक ठिकाणी वर्षाला अडीच ते चार लाख जातात, काही ठिकाणी त्याहून जास्त. तीन लाख धरू, सगळे कर्जाने, १० टक्के व्याज. पाच वर्षांत उचलले पंधरा लाख. पण शिकत असताना व्याज थांबत नाही, पहिल्या वर्षाच्या तीन लाखांवर कोर्सची पाच आणि त्यानंतर हप्ता सुरू व्हायच्या आधीचं सवलतीचं एक अशी सहा वर्षं, दुसऱ्यावर पाच, असं सरळव्याजाने मोजत गेलं तर सहा लाख होतात. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी डोक्यावर एकवीस लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण २७ हजार ७५०, पंधरा वर्षांत फेडले तर साडेबावीस हजार.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं की ज्युनिअर वकिलाला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा. सुचवलंय, बंधनकारक नाही, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीवर काम करणारी मुलं माझ्या बाररूममध्ये बसलेली असतात. मोठ्या लॉ फर्ममध्ये लागलात तर हा हप्ता काहीच नाही, कोर्टात उभं राहायचं असेल तर हा हप्ता घरच्यांनाच भरावा लागेल. आणि ज्यांना न्यायाधीश व्हायचंय त्यांनी हे जास्त लक्षात घ्या, २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेआधी तीन वर्षं वकिली परत सक्तीची झालीय. म्हणजे डिग्री झाल्या झाल्या परीक्षा देऊन पगार सुरू, हे गणित आता नाही.

याचा अर्थ कर्ज घेऊच नका असा नाही. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती न घेणाऱ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिकत असतानाच्या काळात, व्याजात ३ टक्के सवलत आहे. तुमची संस्था त्या यादीत आहे का ते बँकेत जायच्या आधी बघा. आणि जमेल तितकं व्याज शिकत असतानाच भरत राहा, त्या सहा लाखांतले दोन-तीन जरी कमी झाले तरी हप्त्यात फरक पडतो.

जवळच्या कॉलेजला कमी लेखू नका

इथे माझं स्पष्ट मत आहे, आणि पटलं नाही तरी ऐका. वरच्या पाच-सहा एनएलयू लागत असतील आणि पैशाची सोय होत असेल तर जा, तिथली सोबत, लायब्ररी, मूट कोर्ट (सरावाचे लुटुपुटूचे खटले), कॅम्पसला येणाऱ्या फर्म्स हे सगळं खरं आहे. पण खालच्या यादीतल्या, अजून इमारतही पूर्ण न झालेल्या लांबच्या ठिकाणासाठी पंधरा-वीस लाख कर्ज काढण्यापेक्षा जीएलसी किंवा आयएलएस मला कधीही बरं वाटतं. जीएलसी १८५५ पासून आहे, बाबासाहेब तिथे प्राचार्य होते, फी वर्षाला काही हजारांत, आणि चर्चगेटहून हायकोर्ट चालत. लेक्चर उरकून पोरगं थेट एखाद्या चेंबरमध्ये जाऊन बसू शकतं. आयएलएस १९२४ चं, पुण्यात राहायचा खर्च महिना बारा-पंधरा हजार धरला तरी पाच वर्षांचे सात ते नऊ लाख, तेही कर्जाविना जमण्यासारखे.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या भागातल्या मुलांसाठी तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. हायकोर्टाची इंटर्नशिप आता घरून डबा घेऊन जाऊन करता येते. नागपूर, संभाजीनगर, गोव्याच्या मुलांना ही सोय आधीपासून आहे. ज्याला कोर्टातच काम करायचंय त्याने कॉलेजच्या नावाइतकंच कॉलेजपासून कोर्ट किती लांब तेही लिहावं त्या मोठ्या कागदावर.

ठरवायच्या दिवशी काय करायचं

कागदावर प्रत्येक ऑफरसमोर तीन आकडे असू देत: पाच वर्षांचा खरा खर्च, स्कॉलरशिप गेली तर होणारा खर्च, आणि शेवटी उरणारा हप्ता. त्याखाली मुलाने स्वतः दोन ओळी लिहायच्या, मला इथे का जायचंय. आईबापांनी त्यावेळी बोलायचं नाही. शक्य असेल तर त्या कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांशी बोला, मेस, हॉस्टेलचं पाणी, वर्गात शिक्षक येतात का, सीनिअर त्रास देतात का, आपल्या भागातली किती मुलं आहेत, असं साधं विचारा. मुलगी असेल तर रात्री स्टेशनवरून कॅम्पसला कसं जायचं तेही.

भाचीने त्या रात्री फ्लोट केलं, पण त्याआधी लिस्ट परत एकदा वाचून काढली आणि बघितलं की वर टाकलेल्या प्रत्येक ठिकाणी ती खरंच जाईल का. खाजगीवाल्यांना मेल गेला, टिकण्याचा आकडा मागितला, त्याचं उत्तर आलंच नाही, तिथे पैसे भरले नाहीत. तिसऱ्या यादीत तिला संभाजीनगर लागलं. साताऱ्याहून रात्रीची एसटी आहे, ताईला तेवढं पुरलं.

सीट पक्की झाली की बाकीच्या सगळ्या ठिकाणी त्याच आठवड्यात लेखी माघार घ्या. नाव, अर्ज क्रमांक, ॲडमिशन रद्द करत असल्याची एक ओळ, भरलेली रक्कम आणि पावती क्रमांक, परताव्यासाठी बँक खातं, आणि पोच मिळावी अशी विनंती. मेल आईवडिलांनाही सीसी करा, पोच आली नाही तर आठव्या दिवशी तोच मेल परत पाठवा. तुम्ही अडवून ठेवलेल्या त्या सीटची वाट बघत वेटलिस्टला ४१ नंबरचं कोणीतरी बसलेलं असतं, आणि त्याच्या घरी पण रोज रात्री साइट रिफ्रेश करणं चालू असतं.